जिवाणूचाही असतो ‘मेटाडेटा’! तो कशावर, कुठल्या पाण्यात वाढवला हे रसायनं कशी सांगतात?

जून महिना. वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यातलं केनवड. चांगला पाऊस होऊन गेलाय आणि सोयाबीन पेरायची घाई सुरू आहे. घरातलं कुणीतरी कृषी सेवा केंद्रातून रायझोबियमचं पाकीट आणतं, गुळाच्या पाण्यात कालवतं, बियाण्याला चोळतं आणि बी सावलीत सुकवायला ठेवतं. पुढचं काम त्या पाकिटातल्या जिवाणूंचं. सोयाबीनच्या मुळांवर गाठी करायच्या, हवेतला नायट्रोजन पकडायचा आणि झाडाला द्यायचा.

आता समजा, तुमच्यासमोर दोन पाकिटं आहेत. दोन्हींवर एकाच जिवाणूचं नाव. एकातला जिवाणू स्वच्छ टाकीत, ठरलेल्या अन्नावर, ठरलेल्या तापमानाला वाढवलेला. दुसरा कुणीतरी कशातरी डब्यात, मिळेल त्या पाण्यात, मिळेल त्या साखरेवर वाढवलेला. डोळ्यांना फरक दिसत नाही. सूक्ष्मदर्शकाखालीही दोघं सारखेच. एवढंच काय, डीएनए तपासला तरी दोघं सारखेच निघू शकतात!

मग कुठला कसा वाढवलाय, हे कळणार कसं?

उत्तर जिवाणूच्या अंगातच असतं. तो जे खातो, जे पाणी पितो, ज्या तापमानात राहतो, त्याची नोंद त्याच्या शरीरातल्या रसायनांमध्ये उमटते. ही नोंद वाचायच्या शास्त्राला सूक्ष्मजीवांचं न्यायवैद्यक म्हणता येईल. सोप्या भाषेत सांगायचं तर जिवाणूंची सीआयडी! ती काम कशी करते, कुठं चालते आणि कुठं फसते, ते आज बघू.

फोटो आणि फोटोची माहिती

मोबाइलवर फोटो काढला की दोन गोष्टी सेव्ह होतात. एक, फोटो. दुसरी, फोटोची माहिती म्हणजे मेटाडेटा: कधी काढला, कुठल्या फोनने काढला, आणि लोकेशन चालू असेल तर कुठं काढला.

जिवाणूचा डीएनए म्हणजे फोटो. ‘हा कोण आहे’ ते तो सांगतो. पण एकाच वंशाचे जिवाणू केनवडला वाढवले काय, पुण्याला वाढवले काय किंवा अमेरिकेत वाढवले काय, डीएनए जवळपास तोच राहतो. कारण डीएनएची नक्कल अक्षराला अक्षर लावून होते. जेवायला काय होतं याची नोंद त्यात होत नाही.

शरीराचं बाकीचं सामान मात्र बाहेरून आलेल्या मालातूनच बनतं. प्रथिनं, चरबी, पेशीची भिंत, सगळं. त्यामुळे तो माल कुठून आला याचा छाप तिथं राहतो. हा झाला मेटाडेटा. डीएनए सांगतो ‘कोण’, रसायन सांगतं ‘कसा वाढला’.

हा प्रश्न फक्त हुशारीचा नाही. ‘ही बाटली नेमकी कशी बनली?’ या एका प्रश्नावर आपल्या मुंबईतल्या एका शास्त्रज्ञाची अख्खी कारकीर्द पणाला लागली होती. त्याआधी १९ माणसं जिवानिशी गेली होती.

१९०२ : बाटली क्रमांक ५३-एन

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. त्यावर लस शोधायला सरकारने वाल्डेमार हाफकिन यांना बोलावलं. ओडेसात जन्मलेला हा शास्त्रज्ञ आधी भारतात पटकीच्या लसीवर काम करत होता. मुंबईत त्यांनी काही महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःलाच टोचून घेतली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये त्यांची प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. आज आपण तिलाच हाफकिन संस्था म्हणतो.

लस बनवायची सुरुवातीची पद्धत भारी होती. मांसापासून बनवलेल्या रश्श्यासारख्या द्रवात प्लेगचे जिवाणू वाढवायचे. वर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. त्या थेंबांना धरून जिवाणू खाली लोंबत वाढायचे. मग उष्णतेने ते मारायचे आणि वर थोडं कार्बोलिक आम्ल घालायचं, म्हणजे दुसरा कुठला जंतू शिरला तरी टिकणार नाही.

१९०२ मध्ये पंजाबात मोठी लसीकरण मोहीम ठरली. लाखो डोस हवे होते. उत्पादन वाढवायला पद्धत बदलली. रश्श्याऐवजी आगर, म्हणजे समुद्री शेवाळापासून बनणाऱ्या जेलीसारख्या पदार्थावर जिवाणू वाढवायला लागले. आणि कार्बोलिक आम्ल गाळलं, फक्त उष्णतेवर भिस्त ठेवली.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मलकोवाल गाव, जे आता पाकिस्तानात आहे. त्या दिवशी १०७ जणांना लस दिली. त्यातल्या १९ जणांना ५३-एन या एकाच बाटलीतून. काही दिवसांत त्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळेच्या सगळे दगावले. दुसऱ्या बाटल्यांमधून लस घेतलेल्यांना धनुर्वात झाला नाही.

म्हणजे दोष त्या बाटलीत होता, हे नक्की. पण धनुर्वाताचा जंतू तिच्यात शिरला कधी? मुंबईत लस बनवताना? की गावात बाटली उघडताना?

चौकशी आयोग बसला. लस बनवताना चूक झाली असावी असा त्याचा कल होता आणि पद्धत बदलल्याचा ठपका हाफकिन यांच्यावर आला. त्यांना पदावरून दूर केलं गेलं. दुसरीकडे, मलकोवालमध्ये बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, अशी साक्षही पुढे आली होती. शेवटी रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या नावाजलेल्या शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली, आणि त्याच वर्षी सरकारने त्यांना पुन्हा कामावर घेतलं. १९२५ मध्ये प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं.

पाच वर्षं! आणि या पाच वर्षांत युक्तिवाद कशावर झाला? साक्षींवर, नोंदवह्यांवर आणि वासावर. हो, वासावरसुद्धा. धनुर्वाताचे जंतू बाटलीत कित्येक दिवस वाढत असते तर उघडल्यावर घाण वास यायला हवा होता, आणि उघडणाऱ्याला तसा वास आला नव्हता. थोडा विचार केला तर हाही रासायनिक पुरावाच होता. फक्त यंत्र म्हणून तेव्हा माणसाचं नाक होतं.

आज नाकाच्या जागी बरीच चांगली साधनं आहेत. जिवाणूच्या अंगातले चार मोठे पुरावे पाहू.

पुरावा पहिला : ज्वारी खाल्ली की सोयाबीन?

कार्बनचे अणू सगळे एकसारखे नसतात. शंभरातले साधारण ९९ अणू हलके, म्हणजे कार्बन-१२. आणि साधारण एक अणू थोडा जड, म्हणजे कार्बन-१३. वागणूक जवळपास तीच, वजन थोडं वेगळं. अशा जुळ्या भावंडांना समस्थानिक किंवा आयसोटोप म्हणतात. हे किरणोत्सर्गी वगैरे नसतात, घाबरायचं कारण नाही. तुमच्या-माझ्या अंगातही ते आहेत.

झाडं हवेतून कार्बन घेतात, पण सगळी एकाच पद्धतीने नाही. सोयाबीन, तूर, हरभरा, गहू, भात ही एका गटातली पिकं. ज्वारी, मका, बाजरी, ऊस ही दुसऱ्या गटातली. शास्त्रज्ञ पहिल्या गटाला सी-३ आणि दुसऱ्याला सी-४ म्हणतात. पहिल्या गटातली झाडं जड कार्बन जास्त टाळतात, दुसऱ्या गटातली कमी टाळतात.

हा फरक एका ठरलेल्या प्रमाणाशी तुलना करून हजारात मोजतात. सी-३ पिकांचा आकडा उणे २७ च्या आसपास येतो, सी-४ पिकांचा उणे १२ च्या आसपास. मधलं अंतर इतकं मोठं आहे की यंत्राला ते सहज कळतं.

आता जिवाणूला उसाची साखर किंवा मळी खायला घातली तर त्याच्या अंगातला कार्बन उसासारखा दिसेल. सोयाबीनच्या पेंडीपासून बनवलेल्या अन्नावर वाढवला तर सोयाबीनसारखा. आणि आकडा उणे १९-२० असा मध्येच आला, तर दोन्ही मिसळून दिलं असण्याची शक्यता. आपल्याकडचं जीवामृत घ्या ना. त्यात गूळ पडतो आणि बेसनही पडतं. गूळ सी-४, बेसन सी-३. म्हणजे एकाच ड्रममध्ये दोन्ही सह्या!

हीच युक्ती मधाच्या तपासणीत वापरतात. मधमाशी ज्या फुलांवर जाते त्यातली बहुतेक झाडं सी-३ गटातली. मधात उसाची साखर किंवा मक्याचा पाक मिसळला की कार्बनचा आकडा सरकतो आणि भेसळ पकडली जाते. म्हणून तर भेसळ करणारे तांदळाच्या पाकाकडे वळले. भात सी-३ गटातला, त्यामुळे ही एक चाचणी त्याला पकडत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पुरावा दुसरा : कुठलं पाणी प्यायलं?

पाण्यातही जड आणि हलके अणू असतात. ऑक्सिजन-१६ नेहमीचा, ऑक्सिजन-१८ जड. हायड्रोजनचाही जड भाऊ आहे, ड्युटेरियम.

ढग समुद्रावरून आत येतात तेव्हा जड पाणी आधी पावसात पडून जातं. ढग जसजसा आत सरकतो, तसतसं उरलेलं पाणी हलकं होत जातं. उलट उन्हाळ्यात तळ्यातलं पाणी आटताना हलकं पाणी आधी उडून जातं आणि मागे जड पाण्याचं प्रमाण वाढतं. म्हणून किनाऱ्यावरचा पाऊस, आतल्या भागातली विहीर आणि मे महिन्यातलं तळं, तिघांचे आकडे वेगळे येऊ शकतात. पाण्याची ही भाषा वाचायचं काम आपल्याकडे मुंबईचं भाभा अणु संशोधन केंद्र आणि अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा करत आल्या आहेत. भूजल कुठून येतं, हे शोधायला ते वापरतात.

जिवाणू हे पाणी स्वतःच्या अंगात बसवतो का? हो. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ मध्ये हे दाखवून दिलं. त्यांनी बॅसिलस सबटिलिस हा मातीत आढळणारा निरुपद्रवी जिवाणू घेतला आणि अमेरिकेतल्या पाच वेगवेगळ्या ठिकाणच्या पाण्यात वाढवला. अन्न सगळीकडे तेच, फरक फक्त पाण्याचा. मग त्याच्या बीजाणूंमधला ऑक्सिजन मोजला. पाण्यावरून जो आकडा यायला हवा असा अंदाज बांधला होता, पाचही वेळा तो त्या अंदाजाच्या मर्यादेत बसला.

बीजाणू म्हणजे काय? अन्न संपलं की काही जिवाणू स्वतःला जाड कवचात बंद करून झोपी जातात. तेच बीजाणू. यांचा तपासाला मोठा फायदा, कारण झोपलेला जिवाणू काही खात-पीत नाही. वाढताना जी नोंद झाली ती तशीच गोठून राहते. जागा जिवाणू मात्र खात राहतो, वाढत राहतो आणि जुन्या नोंदीवर नवी चढत जाते.

पुरावा तिसरा : अंगातली चरबी

हिवाळ्यात तूप थिजतं, गोडेतेल थिजत नाही. असं का? तुपातल्या चरबीचे रेणू सरळ काड्यांसारखे असतात, एकमेकांना चिकटून बसतात. तेलातले रेणू वाकलेले असतात, नीट रचता येत नाहीत, म्हणून ते पातळ राहतं.

जिवाणूच्या पेशीभोवती चरबीचं पातळ आवरण असतं. ते थिजलंही नको आणि फार पातळही नको. म्हणून गारठ्यात वाढणारा जिवाणू आवरणात वाकडे किंवा फाटे असलेले रेणू वाढवतो. उष्णतेत वाढणारा सरळ रेणूंकडे झुकतो. म्हणजे चरबीचं प्रमाण बघून तो साधारण कुठल्या तापमानाला वाढला असेल, याचा अंदाज येतो.

अन्नाचाही छाप इथं पडतो. बॅसिलस गटातले जिवाणू फाटे असलेली चरबी बनवताना ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन या अमिनो आम्लांपासून सुरुवात करतात. दुधातल्या प्रथिनावर वाढवलं की यांचं प्रमाण वेगळं, मांसाच्या अर्कावर वाढवलं की वेगळं. त्यामुळे बनणाऱ्या चरबीचं प्रमाणही बदलतं. बीजाणूंच्या चरबीवरून ते कुठल्या अन्नावर वाढवले होते, हे ओळखण्याचे प्रयोग झालेले आहेत.

पुरावा चौथा : ताटात उरलेलं

जेवण झालं तरी मिशीला ताक लागून राहतं ना, तसंच हे. जिवाणू कितीही धुतले तरी ज्यावर वाढवले त्याचे कण चिकटून राहतात.

- आगर : हे समुद्री शेवाळातून येतं. मातीत राहणाऱ्या जिवाणूसोबत शेवाळातली साखर सापडली, तर तो बहुधा प्रयोगशाळेच्या बशीवर वाढवलेला.
- हीम : रक्ताला लाल करणारा, लोह असलेला घटक. तो बीजाणूंवर सापडला तर रक्त मिसळलेल्या आगरावर वाढवल्याची शक्यता. अशा बशा दवाखान्यांच्या लॅबमध्ये नेहमी वापरतात.
- सिलिकॉन : मोठ्या टाक्यांमध्ये फेस येऊ नये म्हणून जी औषधं घालतात, त्यात ते असू शकतं.
- धातू : मँगनीज, लोह, कॅल्शियम वगैरेंचं प्रमाण पाणी आणि अन्नाप्रमाणे बदलतं.

हे सगळं मोजतात कशाने?

मुख्य साधन म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. त्याला अणू-रेणूंचा तराजू समजा. नमुन्याचे बारीक कण विद्युतभारित करायचे, त्यांना धावायला लावायचं आणि कोण किती वळतो किंवा किती वेळात पोहोचतो यावरून वजन काढायचं. एकाच वेगाने येणाऱ्या बस आणि बाइकला बाजूने सारखाच धक्का दिला तर बस कमी वळते, तसंच.

यातलाच एक प्रकार, माल्डी-टॉफ, आज अनेक मोठ्या रुग्णालयांत जिवाणूचं नाव ओळखायला वापरतात. पुण्यातल्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रह केंद्रातही तो वापरात आहे. आयसोटोप मोजायचं यंत्र मात्र वेगळं, जास्त नाजूक आणि महाग असतं.

आणि हो, मोबाइलच्या कॅमेऱ्याने यातलं काहीही मोजता येत नाही. ‘पाकिटाचा फोटो काढा, आतले जिवाणू ओळखा’ असं कुठल्या ॲपने सांगितलं तर ते सरळ डिलीट करा.

खरी परीक्षा : २००१ ची पाकिटं

सप्टेंबर-ऑक्टोबर २००१ मध्ये अमेरिकेत पत्रांच्या पाकिटांतून अँथ्रॅक्सच्या बीजाणूंची भुकटी पाठवली गेली. २२ जणांना लागण झाली, त्यातले ५ जण दगावले. तेव्हा आपल्याकडेही पांढरी पावडर असलेलं पाकीट दिसलं की धावपळ उडायची.

डीएनएने पहिला धागा दिला. सगळ्या पाकिटांतला जिवाणू ‘एम्स’ नावाच्या वंशाचा होता. पण हा वंश अनेक प्रयोगशाळांत होता. म्हणजे ‘कोण’ कळलं, ‘कुठं आणि कसा वाढवला’ हे राहिलंच.

इथं रसायनांकडे वळावं लागलं. किरणोत्सर्गी कार्बनच्या मोजणीवरून कळलं की हे बीजाणू अलीकडच्या काळात वाढवलेले आहेत, शीतयुद्धाच्या जुन्या साठ्यातले नाहीत. भुकटीत सिलिकॉन सापडलं तेव्हा खळबळ माजली. भुकटी हवेत सहज उडावी म्हणून कुणी मुद्दाम लेप दिला की काय? तसं असेल तर यामागे शस्त्रं बनवणारी मोठी यंत्रणा असणार! पण सँडिया प्रयोगशाळेत शक्तिशाली सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, तर सिलिकॉन बीजाणूच्या बाहेरून फासलेलं नव्हतं. ते आतल्या आवरणात होतं. म्हणजे ते वाढतानाच आत गेलं होतं. एका मूलद्रव्याची नेमकी जागा कळली आणि तपासाची दिशा बदलली.

तरीही सगळं सुटलं असं नाही. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने २०११ मध्ये स्पष्ट सांगितलं की भुकटी नेमक्या कुठल्या बाटलीतून आली, हे फक्त विज्ञानाच्या पुराव्यावर ठामपणे म्हणता येत नाही. या शास्त्राला हे माहीत असणं फार गरजेचं आहे.

मग ही सही फसते कुठं?

पहिलं, मेटाडेटा बदलता येतो. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की लोकेशन निघून जातं. तसंच कुणी शुद्ध केलेलं बाटलीतलं पाणी वापरलं तर ‘पाण्यावरून गाव’ हा हिशोब कोलमडतो. मधाच्या बाबतीत तांदळाचा पाक आला, तसाच प्रकार इथंही होऊ शकतो.

दुसरं, दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा येऊ शकतो. गूळ आणि बेसन मिळून जो आकडा आला, तोच दुसऱ्या कुठल्या मिश्रणानेही येईल. म्हणून तज्ज्ञ एका पुराव्यावर निकाल देत नाहीत. कार्बन, पाणी, चरबी, उरलेले कण, सगळे एकाच दिशेला बोट दाखवतात का ते बघतात.

तिसरं, तुलनेला नोंदी लागतात. तुमच्या बोटाचा ठसा आधारमध्ये आहे म्हणून जुळतो. जिवाणूंच्या आहाराचा असा साठा जगात फार थोडा आहे. कुठल्या गावच्या पाण्याचा कुठल्या महिन्यात काय आकडा असतो, हे आधी मोजून ठेवलं नसेल तर तुलना करणार कशाशी?

म्हणून हे शास्त्र ‘हाच तो’ म्हणण्यापेक्षा ‘हा तो नव्हे’ म्हणायला जास्त भरवशाचं आहे. कुणी म्हणाला, ‘मी हे उसाच्या साखरेवर वाढवलं’ आणि आकडा उणे २७ आला, तर तो खोटं बोलतोय हे कळतं. मग खरं काय, ते दुसरीकडून शोधावं लागतं.

आज ५३-एन बाटली हातात आली असती तर?

लस रश्श्यावर वाढवली की आगरावर, हे उरलेल्या कणांवरून कळलं असतं. महत्त्वाचं म्हणजे, धनुर्वाताचे जंतू बाटलीत साधारण सहा आठवडे वाढत राहिले असते तर त्यांनी बनवलेलं विष आणि आम्लं द्रवात भरपूर सापडली असती, आणि त्यांच्या अंगातला कार्बन बाटलीतल्याच अन्नाचा निघाला असता. उलट बाटली उघडताना चिमट्यावरून मातीतले चार-दोन बीजाणू पडले असते, तर द्रव जवळपास स्वच्छ आढळला असता.

पण इथंही एक अडचण आहे. चार-दोन बीजाणू म्हणजे आयसोटोप मोजायला फारच कमी माल. त्यांचा स्वतःचा आकडा कदाचित मिळालाही नसता. तरी द्रवाच्या तपासणीवरून ‘आधी की नंतर’ या प्रश्नावर पाच वर्षं वाद घालायची वेळ आली नसती.

आता परत केनवडला

आपल्या रायझोबियमच्या पाकिटाचं काय? खरं सांगायचं तर या पाकिटावर आयसोटोप चाचणी लावणं अवघड आहे. एक तर रायझोबियम बीजाणू करत नाही. दुसरं म्हणजे तो बऱ्याचदा लिग्नाइटच्या काळ्या भुकटीत मिसळून देतात. लिग्नाइट म्हणजे कोळशाचाच भाऊ, नुसता कार्बन! जिवाणूचा इवलासा आकडा त्यात बुडून जातो. आधी जिवाणू वेगळे काढावे लागतात, आणि त्यांना पुन्हा वाढवलं तर नवी नोंद जुनीवर चढते. द्रवरूप खत किंवा बॅसिलससारखा बीजाणू करणारा जिवाणू असेल तर काम त्यामानाने सोपं.

शिवाय कायदा अजून ‘कसा वाढवला’ हे अशा सहीवरून तपासत नाही. जैविक खतं २००६ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आली. त्यात मुख्य भर जिवंत पेशींच्या संख्येवर आणि शुद्धतेवर आहे. रायझोबियमसाठी भुकटीत प्रति ग्रॅम किमान ५ कोटी आणि द्रवरूपात प्रति मिली किमान १० कोटी जिवंत पेशी हव्यात. ही तपासणी आयसोटोपशिवाय, साध्या बशीवर जिवाणू वाढवून आणि मोजून होते. तुमच्या पिकासाठी सध्या तीच जास्त कामाची.

मग फोन घेऊन तुम्ही काय करायचं? मेटाडेटा जपायचा!

१. पाकीट फोडण्याआधी दोन्ही बाजूंचा स्पष्ट फोटो काढा. जिवाणूचं नाव, पीक, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, अंतिम तारीख, पेशींची संख्या आणि उत्पादकाचा पत्ता दिसला पाहिजे.

२. पक्कं बिल घ्या. त्यावर बॅच नंबर लिहून घ्या आणि त्याचाही फोटो ठेवा.

३. दुकानात पाकीट उन्हात ठेवलेलं असेल तर घेऊ नका. हे जिवंत जीव आहेत, तापले की मरतात. घरीही सावलीत, थंड जागी ठेवा. रासायनिक खतात किंवा बुरशीनाशकात थेट मिसळू नका.

४. शक्य असेल तर त्याच बॅचचं एक न फोडलेलं पाकीट हंगामभर बाजूला ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर फोडलेल्या पाकिटाला कुणी विचारत नाही. ते नंतर दूषित झालं असं म्हणायला जागा राहते. ५३-एनचा सगळा वाद याच गोष्टीवर तर झाला होता.

५. पेरणीनंतर चार-पाच आठवड्यांनी दोन-चार झाडं मुळासकट हळूच उपटा. गाठ कापून आत बघा. गुलाबी-लालसर असेल तर जिवाणू कामाला लागलाय. पांढरी किंवा हिरवट असेल, किंवा गाठीच नसतील, तर फोटो काढा आणि विचारा.

कुणाला विचारायचं? रिसोड तालुक्यातच करडा इथं कृषी विज्ञान केंद्र आहे. तालुका कृषी कार्यालय आहे. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. फोटो, बिल आणि बंद पाकीट सोबत असेल तर तुमचं म्हणणं नुसतं म्हणणं राहत नाही.

थोडक्यात

- डीएनए सांगतो जिवाणू कोण आहे. रसायनं सांगतात तो कसा वाढला.
- कार्बनवरून अन्न, ऑक्सिजन-हायड्रोजनवरून पाणी, चरबीवरून तापमान आणि आहार, चिकटलेल्या कणांवरून प्रयोगशाळेची पद्धत कळू शकते.
- बीजाणूंमध्ये ही नोंद गोठून राहते. जाग्या जिवाणूत ती बदलत राहते.
- एक पुरावा पुरेसा नसतो. ‘हा तो नव्हे’ हे सांगणं ‘हाच तो’ म्हणण्यापेक्षा सोपं आहे.
- जिवाणूच्या अंगातली नोंद वाचायला मोठं यंत्र लागतं. पाकिटावरची नोंद वाचायला आणि जपायला तुमचा फोन पुरतो.